मुंबईच्या अंगणात चार कोंबड्या: खुराड्यापासून खतापर्यंत

आधी हिशेब. मोठी झालेली कोंबडी रोज साधारण ११० ग्रॅम खाद्य खाते, म्हणजे वर्षाला ४० किलो. खेड्यातली गावरान कोंबडी यातलं बरंचसं स्वतःच मिळवते. उकिरडा उकरते, खळ्यावरचे दाणे टिपते, वाळवी आणि किडे खाते. म्हणून वर्षाला ६०-८० अंडी घालूनही ती परवडते. मुंबईत तसं होत नाही. गोराई-मनोरीचं गावठाण असो, मढ-वेसाव्याच्या कोळीवाड्यातलं परस असो, आरेतला पाडा असो की भांडुपच्या बैठ्या घरामागची मोकळी जागा, तिला फिरायला फार तर दोन-तीनशे चौरस फूट मिळतात. त्यात उकरण्यासारखं जे असतं ते महिनाभरात संपतं. पुढे सगळं खाद्य विकतचं, आणि एका गावरान अंड्यामागे अर्धा किलोच्या आसपास खाद्य जातं. त्याच जागेत ऱ्होड आयलंड रेड किंवा ब्लॅक ऑस्ट्रालॉर्प रक्ताची कोंबडी ठेवली तर घरगुती देखभालीत वर्षाला दोनशेच्या आसपास अंडी मिळतात आणि एका अंड्यामागे २०० ग्रॅम खाद्य पडतं. आपल्या भागातल्या खाद्याच्या भावाने गुणून पाहा, म्हणजे कुठली कोंबडी आणायची ते आपोआप ठरेल.

अंड्यांच्या जोडीला आणखी दोन गोष्टी हाती लागतात. घरातला ओला कचरा काही प्रमाणात खाद्यात जिरतो, आणि चार कोंबड्यांच्या विष्ठेतून वर्षाला दोन-तीन गोण्या कुजलेलं खत मिळतं. परसात केळ, शेवगा, नारळ किंवा कुंड्यांतली भाजी असेल तर या खताची किंमत अंड्यांपेक्षा कमी नाही.

पण मुंबईत हे सगळं एकाच गोष्टीवर अवलंबून आहे: कोंबडीच्या पायाखालची जागा कोरडी राहते की नाही. सांताक्रूझला पावसाळ्याच्या चार महिन्यांत २,२०० मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडतो. ओल्या विष्ठेतून अमोनिया सुटतो, माश्या होतात, पोटाचे आजार पसरतात, वास शेजारच्या खिडकीपर्यंत जातो, आणि कोंबडीपालन शेजाऱ्यांच्या तक्रारीवर संपतं. त्यामुळे कोंबड्या आणण्याआधी छप्पर, जोतं आणि निचरा बघायचा. पक्षी सगळ्यात शेवटी.

किती, कुठल्या, कुठून

चार कोंबड्या हा मुंबईच्या अंगणासाठी योग्य आकडा आहे. तीनपेक्षा कमी ठेवू नयेत. कोंबडी कळपात राहणारी आहे आणि एकटी पडली की खाणं कमी करते. सहाच्या वर गेलात की विष्ठेचं प्रमाण घरच्या घरी आटोक्यात राहत नाही.

कोंबडा नको. अंडी घालायला कोंबडीला कोंबडा लागत नाही, तो फक्त पिल्लं हवी असतील तरच लागतो. पहाटे चारला आरवणारा कोंबडा गावठाणातल्या दाट वस्तीत महिनाभरही टिकत नाही. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनुसार निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि आरवणं त्याच्या कितीतरी वर जातं. कोंबड्याही अंडं घातल्यावर कलकलाट करतात, पण तो दिवसा आणि पाच-दहा मिनिटांचा असतो.

सोसायटीत राहत असाल तर तिचे नियम वाचा आणि लेखी परवानगी घ्या. चाळीत असाल तर मालकाला विचारा. महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात आरोग्य विभागाकडे एकदा चौकशी करून ठेवलेली बरी. फ्लॅटच्या बाल्कनीत कोंबड्या पाळू नयेत. तिथे माती नाही, निचरा नाही, आणि खालच्या मजल्यावर पिसं आणि धूळ जाणारच.

जातींबद्दल थोडं. वनराजा हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने विकसित केली, गिरिराज बंगळुरूच्या कृषी विद्यापीठाने. दोन्ही दणकट, रंगीत, घरगुती पालनाला सोयीच्या, वर्षाला शंभर ते दीडशे अंडी देणाऱ्या. अंगाने जड असल्यामुळे कुंपणावरून उडून शेजारी जात नाहीत, ही दाट वस्तीत मोठीच सोय. कडकनाथ झाबुआचा, २०१८ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. मात्र त्याचं मांस काळं असतं, अंडं नव्हे, आणि अंडीही कमीच. हौसेला ठीक, अंड्यांच्या हिशेबाला नाही. ब्रॉयलर पिल्लं अजिबात आणू नका. त्यांचं वजन इतक्या झपाट्याने वाढतं की पाय साथ देत नाहीत, आणि मुंबईचा मे त्यांना सोसत नाही.

आरे कॉलनीत केंद्र सरकारची केंद्रीय कुक्कुट विकास संघटना आहे. तिथे पिल्लांची चौकशी आधी करावी, कारण पिल्लं उबवणीच्या वेळापत्रकाप्रमाणे निघतात, हवी तेव्हा मिळत नाहीत. नवख्याने एक दिवसाची पिल्लं घेण्यापेक्षा आठ-दहा आठवड्यांच्या, लसीकरण झालेल्या तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या, घ्याव्यात. दर जास्त पडतो, पण पिल्लांमधली मर आणि नर निघण्याची भानगड दोन्ही टळतात. पिल्लं नर-मादी वेगळी न करता दिली असतील तर निम्मे कोंबडे निघतात, आणि त्यांचं काय करायचं हा प्रश्न तुमच्यापुढे उभा राहतो.

चिकनच्या दुकानातल्या पिंजऱ्यातली कोंबडी कधीही आणू नका. तिथे वेगवेगळ्या फार्मचे पक्षी एकत्र येतात, सोबत आजार येतात, आणि ‘गावठी’ म्हणून दिलेली तपकिरी कोंबडी बऱ्याचदा अंडी देऊन थकलेली असते. खरेदी करताना हातात घेऊन बघा. डोळे कोरडे आणि टपोरे, नाकातून पाणी नाही, शेपटीखालची पिसं विष्ठेने चिकटलेली नाहीत, छातीचं हाड सुरीसारखं लागत नाही. अंड्यावर आलेली म्हणून विकत असतील तर गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंची टोकदार हाडं बोटांनी चाचपा. दोन-तीन बोटं मावली तर ती अंडी घालते आहे. एकच बोट जेमतेम मावलं तर अजून सुरुवात नाही, किंवा बंद झाली आहे.

खुराडं

चार कोंबड्यांना आतून ४ बाय ४ फूट जागा पुरते. प्रत्येकीला चार चौरस फूट, त्याहून कमी केलंत की एकमेकींची पिसं ओढायला लागतात. गल्लीत आजवर पाणी कुठपर्यंत चढलं ते जुन्या लोकांना विचारा आणि खुराड्याचा तळ त्याच्या फूटभर वर घ्या. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. ज्या घरांत तेव्हा पाणी शिरलं, त्यांच्या भिंतींवरची खूण अजून सांगता येते. एरवी जमिनीपासून दोन फूट उंची धरा. खाली हात घालून झाडता यायला हवं, नाहीतर तिथे घुशी बिळं करतात.

मुंबईत पावसाचा मारा नैऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतो. म्हणून पश्चिम आणि दक्षिण बाजू बंद ठेवा, सिमेंट बोर्ड किंवा वॉटरप्रूफ प्लायने. पूर्व आणि उत्तर बाजूला जाळी. छताचा उतार पश्चिमेकडे काढा: पुढची उंची साडेचार फूट, मागची साडेतीन. पुढे दीड फूट पागोळी बाहेर ठेवा. नुसता पत्रा मे महिन्यात भट्टी होतो. पत्र्याला बाहेरून पांढरा चुना मारा आणि वर माडाच्या झावळ्यांचा थर बांधा. मंगलोरी कौलं मिळाली तर त्याहून उत्तम, त्यांच्या फटींतून गरम हवाही निघून जाते.

जाळीच्या बाजूंना ताडपत्रीचा गुंडाळता येणारा पडदा लावा, पण वरची सहा-नऊ इंच जागा कायम उघडी राहील असा. पावसात सगळं गच्च बंद करणं ही नेहमीची चूक आहे. ओलसर गरम हवा आणि अमोनिया वर जातात. त्यांना वाट नसेल तर कोंबड्या आतल्या आत सर्दीने घुरघुरायला लागतात. थंडीची काळजी मुंबईत करायची नाही, कोंडलेल्या हवेची करायची.

हार्डवेअरवाला षटकोनी भोकांची ‘चिकन जाळी’ देईल. ती कोंबडीला आत ठेवते, पण मुंगसाला बाहेर ठेवत नाही. घूस ती कुरतडते आणि मांजर भोकातून पंजा घालून पिल्लू ओढते. अर्धा इंची वेल्डेड, गॅल्व्हनाइज्ड जाळी घ्या. मढ, गोराई, उत्तन अशा खाऱ्या वाऱ्याच्या भागात तीही गंजते, म्हणून पावसाळ्याआधी गंजरोधक रंगाचा हात द्या. कुंपणाच्या तळाशी जाळी बाहेरच्या दिशेने फूटभर आडवी वळवून त्यावर लाद्या ठेवा. घूस आणि मुंगूस कुंपणाला लागूनच उकरतात, आणि पहिल्याच फुटात जाळी लागली की नाद सोडतात. दाराला नुसता हुक नको, सरकती कडी आणि खिट्टी हवी. राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला, आरे किंवा येऊरच्या बाजूला राहत असाल तर बिबट्या गृहीत धरा. दिवेलागणीच्या आत कोंबड्या डालायच्या, दार लोखंडी चौकटीचं करायचं, मेलेला पक्षी किंवा आतडी आसपास टाकायची नाहीत. धामण उंदरांमागे येते. तिला मारू नका, उंदरांचा बंदोबस्त करा म्हणजे तीही येत नाही.

आत बसायला दोन इंच रुंदीची, कडा घासून गोल केलेली लाकडी पट्टी लावा. प्रत्येकीला नऊ इंच, म्हणजे चौघींना तीन फूट. तळापासून दीड फूट उंच, भिंतीपासून फूटभर लांब. अंडी घालायच्या पेट्या १२ इंच लांब, रुंद आणि उंच, अशा दोन, जरा अंधाऱ्या कोपऱ्यात. पेट्या पट्टीपेक्षा खाली असाव्यात. वर असतील तर कोंबड्या रात्री तिथेच झोपतात, कारण त्यांना सगळ्यात उंच जागा हवी असते, आणि सकाळी अंडी विष्ठेत माखलेली मिळतात. निम्मी विष्ठा रात्री पट्टीखाली पडते. तिथे सरकवता येणारी पत्र्याची फळी ठेवा आणि रोज सकाळी खरवडा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि वासाचा निम्मा प्रश्न तिथेच मिटतो.

तळाला चार इंच भाताचं तूस पसरा. वसई-पालघरकडच्या भातगिरण्यांतून ते गोणीने मिळतं. सुताराकडचा लाकडी भुसा चालतो, पण प्लाय आणि एमडीएफची बारीक भुकटी नको, ती फुप्फुसात जाते. तूस एक दिवसाआड खुरप्याने खालीवर करा. ते ठीक आहे का हे बघायची सोपी रीत: मूठभर घेऊन घट्ट दाबा आणि मूठ उघडा. लगेच सुटून पडलं तर उत्तम. थोडं धरून मग तुटलं तरी चालेल. लाडू तसाच राहिला तर ते ओलं झालं आहे, तेवढा भाग काढून नवं टाका. दुसरी तपासणी नाकाने. उभं राहून नव्हे, खाली वाकून कोंबडीच्या उंचीवर नाक नेऊन वास घ्या. डोळे चुरचुरले तर कोंबड्यांचेही चुरचुरत आहेत, फक्त त्यांना चोवीस तास तिथे राहायचं आहे.

खुराड्याबाहेर फिरायला ८ बाय १० फूट जाळीचं अंगण करा, वरूनही झाकलेलं. घार, कावळे आणि कबुतरं तिन्ही बाहेर राहायला हवीत. कबुतरांकडून मानमोडी (राणीखेत रोग) आणि उवा येतात. निम्म्या अंगणावर पक्कं छप्पर हवं. जमिनीवर आधी चार-सहा इंच विटांचे रोडे, त्यावर रेती, आणि कडेने पाणी वाहून नेणारी चर. नुसत्या मातीचा जूनच्या दुसऱ्या आठवड्यात चिखल होतो आणि तो ऑक्टोबरपर्यंत तसाच राहतो.

छपराखाली एका जुन्या घमेल्यात कोरडी माती आणि चुलीची राख निम्मी-निम्मी भरून ठेवा. कोंबडी त्यात लोळते, पिसांच्या मुळाशी धूळ घुसवते, आणि उवा त्यानेच मरतात. बाहेरची माती पावसात ओली असते, म्हणून हे घमेलं चार महिने भरलेलं हवंच.

खाद्य आणि पाणी

अंड्यावरच्या कोंबडीला १६ ते १८ टक्के प्रथिनं आणि साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम लागतं. तयार लेअर मॅश, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं भरडलेलं खाद्य, घेतलं की दोन्ही मिळतं. घरी मिसळायचं असेल तर १० किलोसाठी: भरडलेला मका साडेपाच किलो, सोयाबीन पेंड २ किलो २०० ग्रॅम, तांदळाचा कोंडा १ किलो २०० ग्रॅम, शिंपल्यांचा चुरा ८५० ग्रॅम, कोंबड्यांसाठीचं खनिज मिश्रण २२० ग्रॅम आणि मीठ ३० ग्रॅम. मीठ मोजूनच घाला. जास्त झालं की पातळ हगवण लागते आणि तूस ओलं होतं.

तलंगांना मात्र लेअर मॅश देऊ नका. पहिलं अंडं यायच्या दोन आठवडे आधीपर्यंत त्यांना ग्रोअर, म्हणजे वाढत्या पक्ष्यांचं खाद्यच द्यायचं. अंड्यासाठीचं जास्तीचं कॅल्शियम वाढत्या पक्ष्याच्या मूत्रपिंडांना झेपत नाही. नुकसान लगेच दिसत नाही, नंतर ऐन अंड्याच्या वयात कोंबडी अचानक मरते.

शिंपल्या मुंबईकराला विकत आणायची गरज नाही. तिसऱ्या किंवा कालवं केलीत की कवचं उकळा, उन्हात खडखडीत वाळवा, वरवंट्याने तांदळाच्या कणीएवढी कुटा आणि वेगळ्या वाटीत ठेवा. जिला गरज असेल ती खाते. अंड्यांची टरफलंही चालतात, पण वाळवून चुरडूनच. अख्खं टरफल ओळखीचं झालं की कोंबडी स्वतःचीच अंडी फोडायला शिकते, आणि ती खोड सुटणं फार कठीण.

स्वयंपाकघरातलं काय द्यायचं? कोबीची वरची पानं, फ्लॉवरचा पाला, मुळ्याचा आणि शेवग्याचा पाला, लाल माठ, कलिंगडाची सालं, भोपळ्याच्या बिया, थोडा शिळा भात. काय द्यायचं नाही: कच्चा राजमा, हिरवट बटाट्याची सालं, चहाचा चोथा, चॉकलेट, अ‍ॅव्होकॅडो, फरसाण आणि वेफर्स, खारवलेली सुकट, बुरशी आलेला पाव. मासळीची डोकी उकडून कधीतरी चालतात. रोज दिलीत तर अंड्याला हिवस वास येतो. एकूण उष्टं-खरकटं खाद्याच्या दहाव्या हिश्शाच्या वर जाऊ देऊ नका आणि दुपारी द्या, सकाळचं मॅश खाऊन झाल्यावर. भातानेच पोट भरलं की प्रथिनं कमी पडतात, आणि आठवड्याभरात अंडी घटतात.

खाद्य पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात, आणि पावसाळ्यात एका वेळी पंधरा दिवसांचंच. दमट हवेत मक्याला बुरशी येते. तिचं विष, अफ्लाटॉक्सिन, यकृत खराब करतं आणि ऊन दाखवून किंवा भाजून जात नाही. गाठी झालेलं, कुबट वासाचं खाद्य सरळ फेकून द्या. संध्याकाळी खाद्याचं भांडं उचलून आत ठेवा. सांडलेलं खाद्य म्हणजे उंदीर, आणि मुंबईत पावसाळ्यातले उंदीर म्हणजे लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस), त्यांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणारा ताप. २००५ च्या पुरानंतर शहराने ती साथ पाहिली आहे. अंगणात पाणी साचलं असेल तर गमबूट घालूनच उतरा. पायाला जखम असेल तर अजिबात उतरू नका.

पाणी चौघींना दिवसाला एक लिटर, मे महिन्यात दोन. भांडं कोंबडीच्या पाठीच्या उंचीला टांगलं की त्यात तूस पडत नाही. रोज रिकामं करून घासा. साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात.

मे महिना

कोंबडीला घाम येत नाही, ती धापा टाकून अंग थंड करते. मुंबईच्या दमट हवेत ते पुरेसं होत नाही, म्हणून नागपूरच्या ४२ अंशांपेक्षा इथले ३६ अंश तिला जास्त जड जाऊ शकतात. चोच उघडी, पंख अंगापासून सुटलेले, डोळे मिटलेले दिसले की ती धोक्यात आहे. तिला सावलीत घेऊन पाय आणि तुरा साध्या पाण्याने भिजवा. बर्फाचं पाणी नको. सकाळी दहाच्या आत आणि चारनंतरच खाद्य द्या, कारण पचनातूनही अंगात उष्णता होते. पाण्यात दुपारपुरतं इलेक्ट्रोलाइट घाला. छपरावर ओली पोती चालतील, जमिनीवर पाणी शिंपडू नका, त्याने आतला दमटपणा वाढतो. एक लहान पंखा लावला तर बाकी उपाय निम्मे करावे लागतात.

आजार

रोज सकाळी फळी खरवडताना विष्ठा नीट बघा. घट्ट, तपकिरी, वर पांढरी टोपी असेल तर सगळं ठीक. दिवसात एक-दोनदा चिकट, काकवीसारखी, घाण वासाची विष्ठा पडते, तीही नेहमीची. रक्त दिसलं तर रक्ती हगवण, म्हणजे कॉक्सिडिओसिस. हा पावसाळ्यातला मुंबईचा मुख्य आजार, ओल्या तुसातून पसरतो आणि तीन ते आठ आठवड्यांच्या पिल्लांना सगळ्यात आधी धरतो. डॉक्टरांच्या सल्ल्याने पाण्यातून अ‍ॅम्प्रोलियम देतात. पण तूस बदललं नाही तर औषध संपताच आजार परत येतो.

मानमोडीवर औषध नाही, लस आहे. मान पिरगळणं, हिरवी हगवण, आणि दोन-चार दिवसांत सगळा कळप जाणं ही तिची लक्षणं. लसीकरणाचा नेहमीचा क्रम असा: पहिल्या दिवशी हॅचरीतच मॅरेक्स आजाराची, पाचव्या ते सातव्या दिवशी मानमोडीच्या लासोटा लसीचा डोळ्यात एक थेंब, चौदाव्या दिवशी गंबोरो आजाराची, अठ्ठाविसाव्या दिवशी पुन्हा लासोटा, सहा ते आठ आठवड्यांत देवीची लस, आणि आठ ते दहा आठवड्यांत मानमोडीचंच आर-टू-बी हे इंजेक्शन. अडचण अशी की बाटली शंभर-दोनशे डोसची येते, बर्फात आणावी लागते, आणि मिसळल्यावर दोन तासांत संपवावी लागते. चार कोंबड्यांसाठी ते जमत नाही. आजूबाजूच्या पाळणाऱ्यांनी मिळून एकाच दिवशी करा, नाहीतर लसीकरण झालेल्या तलंगाच घ्या. पाण्यातून लस देत असाल तर नळाचं पाणी तसंच वापरू नका. त्यातलं क्लोरीन लस मारून टाकतं. उकळून गार केलेल्या पाण्यात लिटरमागे पाच ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पावडर घाला.

रात्री टॉर्च घेऊन पट्टीच्या खालच्या बाजूला आणि फटींत बघा. गोचिडी दिवसा फटींत लपतात आणि रात्री रक्त पितात. तुरा फिका पडला, अंडी घटली, आणि दिवसा कोंबडीच्या अंगावर काही दिसत नाही, तेव्हा गोचिडीच असतात. फटी बुजवा, पट्टी काढून उकळत्या पाण्याने धुवा, भिंतींना चुना मारा.

नवी कोंबडी आणली की पंधरा ते एकवीस दिवस वेगळी ठेवा. दोन-तीन पक्षी एकाएकी मेले तर कचऱ्यात टाकू नका, कापून खाऊ नका, कुणाला देऊ नका. जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. भारतात बर्ड फ्लू पहिल्यांदा २००६ साली आपल्याच राज्यात, नंदुरबारच्या नवापूरला सापडला होता. एरवीच्या उपचारांसाठी परळला मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय आहे.

अंडी, खुडूक आणि खत

अंडी दिवसातून दोनदा गोळा करा. धुवून ठेवू नका. कवचावर नैसर्गिक पातळ थर असतो, तो गेला की छिद्रांतून जंतू आत शिरतात. मळ कोरड्या फडक्याने पुसा आणि फ्रिजमध्ये ठेवा. वापरायच्या वेळी धुवा, तेही कोमट पाण्याने. गार पाण्याने आतला भाग आकसतो आणि घाण आत ओढली जाते. खुराड्यातून आल्यावर साबणाने हात धुवायची सवय मुलांनाही लावा.

बलक गडद केशरी असतो तो हिरव्या पाल्यामुळे. कवच तपकिरी असतं ते जातीमुळे. या दोन्हींवरून अंड्यातली प्रथिनं कळत नाहीत. घरच्या अंड्याचं खरं मोल ताजेपणात आहे, आणि कोंबडीने काय खाल्लं हे तुम्हाला ठाऊक असण्यात.

कोंबडी पेटीतच बसून राहिली, हात लावला की अंग फुगवून टोचायला आली, तर ती खुडूक झाली आहे. महिनाभर अंडी बंद. कोंबडा नसेल तर त्या अंड्यांतून काही निघणार नाही, म्हणून तिला उठवायलाच हवी. तीन-चार दिवस तळाला जाळी असलेल्या पिंजऱ्यात ठेवा, खालून हवा लागेल असं. पोट गार राहिलं की खुडूक मोडते. खाणं-पाणी नेहमीसारखं द्या. पाण्यात बुडवायची जुनी रीत करू नका, त्याने फक्त कोंबडी आजारी पडते.

ताजी विष्ठा झाडांना थेट घालू नका, मुळं जळतात. एक घमेलं विष्ठा आणि तूस, दोन घमेली सुका पालापाचोळा, असे थर छिद्रं पाडलेल्या ड्रममध्ये लावा. पिळलेल्या फडक्याइतका ओलावा ठेवा, दर आठवड्याला खालीवर करा, वर झाकण ठेवा. अमोनियाचा वास आला तर पाचोळा कमी पडला आहे. दोन-तीन महिन्यांत काळं, मातीच्या वासाचं खत तयार होतं. बारा इंची कुंडीला महिन्याला दोन मुठी पुरे. माठ, मेथी, कोथिंबीर अशा पालेभाज्यांना पूर्ण कुजलेलंच घाला.

दोन-अडीच वर्षांनी अंडी कमी होत जातात. चारही कोंबड्या एकदम बदलू नका, दर वर्षी दोन आणा. ऑक्टोबरमध्ये पाऊस ओसरल्यावर दहा आठवड्यांच्या तलंगा घेतल्या की जानेवारी-फेब्रुवारीत अंड्यावर येतात, आणि पावसाळ्याआधी खुराड्यात चांगल्या रुळतात. वेगळं ठेवण्याचे दिवस संपल्यावर आठवडाभर मध्ये जाळी लावून जुन्या-नव्या एकमेकींना दिसतील असं ठेवा. मग अंधार पडल्यावर नव्या दोघींना उचलून जुन्यांच्या शेजारी पट्टीवर बसवा, आणि पुढचे दोन-तीन दिवस खाद्याची भांडी एकाऐवजी दोन, दोन वेगळ्या कोपऱ्यांत ठेवा.